क्रम मानाचा नाही

जगात जे काही बिघडतं ते नीट सांगितलं नाही म्हणूनच बिघडतं, असं छातीठोकपणे मानणारा माणूस अख्ख्या भोपाळात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. मामांनी सरकारी कारखान्यात उभा जन्म यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिण्यात घालवला. निवृत्तीनंतर यंत्रं सुटली, लिहिणं काही सुटलं नाही. त्यांच्या साकेत नगरच्या घराच्या दारावर पाटी आहे : 'बेल एकदाच वाजवावी. ऐकू आली आहे. उठायला वेळ लागतो.' न्हाणीघरात गिझरशेजारी सात कलमी सूचना आहेत. त्या वाचून होईपर्यंत पाणी तापलेलं असतं. एकदा त्यांनी मामींच्या पोह्यांची कृती लिहायला घेतली आणि पहिलंच वाक्य लिहिलं, 'प्रथम सिलिंडरमध्ये गॅस असल्याची खात्री करावी.' मामी म्हणाल्या, "आणि नवरा स्वयंपाकघराबाहेर असल्याचीही." मामांनी ते दुसरं कलम म्हणून लिहून घेतलं.

पत्ता विचारला तर कुठे वळायचं एवढं सांगून ते थांबत नाहीत, काय दिसलं म्हणजे आपण चुकलो तेही सांगतात. त्यांच्या भरवशावर मी जवाहर चौकात एक शिंपी शोधायला गेलो, तर न दिसायच्या गोष्टी इतक्या पाठ झालेल्या की शिंप्याच्या दुकानासमोरून तीनदा गेलो. परत येऊन कुरकुर केली तर बिचारे हिरमुसले. "जावईबापू, ऐकणारा चुकला तर चूक सांगणाऱ्याची. वाचणारा चुकला तर लिहिणाऱ्याची. गलती बिलकुल माझीच!" हे त्यांचं ब्रीद.

अशा माणसाला एम. पी. नगरमधल्या आमच्या ऑफिसात मीच आणलं. आम्ही दुकानदारांसाठी ऑनलाइन विक्रीची सॉफ्टवेअरं करतो. हल्ली त्यात एआय एजंट असतो, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलणारा, दुकानातल्या नोकरासारखी कामं करणारा प्रोग्राम. त्याच्या हाताशी छोटी छोटी साधनं द्यायची आणि प्रत्येक साधनासोबत ते काय करतं हे सांगणारा मजकूर. एजंट तो मजकूर वाचतो आणि तसाच वागतो. हे ऐकून मामा हरखलेच. "म्हणजे सूचना खरोखर वाचणारा कुणीतरी आहे?" उभ्या नोकरीत त्यांना असा वाचक भेटला नव्हता हो!

त्यांच्या वाट्याला आलं सगळ्यात किरकोळ साधन : एखाद्या दुकानात कोणकोणत्या पेमेंट कंपन्यांमार्फत पैसे भरता येतात, त्यांची यादी देणारं. एका ओळीचं काम. मामांनी नऊ दिवस घेतले. आधी मराठीत लिहायचं आणि मग इंग्रजीत, ही त्यांची रीत. शेवटी तीन कलमं झाली. हे साधन फक्त यादी देते, पैसे घेत नाही. यादीत नाव असले तरी ती सोय चालू आहे की बंद, ते पुढच्या रकान्यात पाहावे. आणि तिसरं : 'यादीचा क्रम मानाचा नाही. पहिले नाव पहिले आहे म्हणून श्रेष्ठ समजू नये, गिऱ्हाइकाला विचारावे.' आमचा साहेब इंदूरचा, वयाने पोरगेला. त्याने तिसरं कलम सरळ उडवलं. "अंकल, मशीन है. उसको क्या मान और क्या अपमान?"

चाचणी एका साडीवाल्याकडे झाली. यादी वर्णानुक्रमाने होती, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला एजंट पहिलंच नाव पुढे करी, तेही 'सर्वोत्तम' म्हणून. तिसऱ्या दिवशी साडीवाला ऑफिसात येऊन कडाडला, "भैया, मैंने कब बोला कि ये सबसे अच्छा है?" साहेबाने मुकाट्याने कलम परत घातलं आणि एजंट शहाण्यासारखा गिऱ्हाइकाला विचारू लागला. मला वाटलं, आता मामा महिनाभर मिरवणार. पण नाही. खाली टपरीवर चहा घेताना एकदम म्हणाले, "यंत्र चुकलं तर मी लिहिणाऱ्याला धरतो. मग दादाच्या वेळी कुणाला धरलं?"

अकरा वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नाची पत्रिका मामांनी स्वतः लिहिली होती. 'आपले विनीत' म्हणून खाली जी नावं घालतात ती त्यांनी वर्णानुक्रमाने लावली, म्हणजे भांडणच नको. माझं नाव 'अ'वरून, म्हणून मी, कालचा जावई, सगळ्यांच्या वर. आणि ज्यांनी मामांना वाढवलं, शिकवलं ते ग्वाल्हेरचे दादा, त्यांचे थोरले भाऊ, 'ह'वरून म्हणून सगळ्यांच्या खाली. मी मूर्ख, ती पत्रिका ऑफिसभर दाखवत फिरलो! दादांनी अक्षता टाकल्या आणि न जेवता गाडी पकडली. मामांनी मागून चार पानी खुलासा धाडला, सोबत अख्खी वर्णमाला. दादा म्हणजे जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस! तेव्हापासून त्यांनी मामांचा फोन उचलला नव्हता.

त्या संध्याकाळी मामांनी आपल्या तीन कलमांची मराठी प्रत पाकिटात घातली. तिसऱ्या कलमाखाली रेघ ओढली आणि या खेपेला खुलासा केला नाही. एकच ओळ लिहिली : 'दादा, वाचणाऱ्याची चूक नव्हती.' मग रोज पोस्टमनची वाट. दादा ऐंशी उलटलेले. आधी उत्तर येतं की दुसरीच काही बातमी, ही मामींची धाकधूक त्या बोलत नव्हत्या तरी मला कळत होती. आणि पत्रिकेत पहिला असल्याची मला मनापासून लाज वाटत होती.

सतराव्या दिवशी पाकीट आलं. आत तोच कागद, लाल शाईने तपासलेला. दोन ठिकाणी स्वल्पविराम घातलेले, एक वाक्य 'बोजड' म्हणून खोडलेलं, आणि तिसऱ्या कलमाशेजारी थरथरत्या अक्षरात : 'हे तेव्हाच लिहायचं होतंस, गाढवा. जेवायला ये.'

मामांनी कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. "अगं, अकरा वर्षं झाली," ते मामींना म्हणाले, "मला कुणी गाढव म्हटलं नव्हतं गं."

खरं तर यावर बोलण्यासारखं मामींकडे पुष्कळ होतं. पण त्या उठल्या, आत गेल्या आणि ग्वाल्हेरची बॅग भरू लागल्या.