तातू सारंगांचा समुद्र

तातूकाका व्हिडिओ गेम सुरू करण्याआधी गाऱ्हाणं घालायचे. थट्टा नव्हे. पाय धुऊन यायचे, टीव्हीसमोर हात जोडून उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "बा देवा म्हाराजा, आज ही होडी पाण्यात घालतंय, तिका सुखरूप बंदराक लाव रे म्हाराजा!" शेजारी बसलेल्या मला "व्हय म्हाराजा!" म्हणावंच लागे. त्याशिवाय खेळ सुरू होत नसे.

वेंगुर्ल्यात त्यांना सगळे तातू सारंग म्हणत. आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलं, त्यातली बरीच वर्षं सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचा मुकादम म्हणून. निवृत्त होऊन आले ते गेम खेळायचं यंत्र घेऊनच. त्यावर खेळ एकच. शिडाचं गलबत घेऊन बेटाबेटांतून फिरायचं, चाच्यांशी लढायचं, हरवलेलं बंदर शोधायचं. मी त्यांची शेजारीण, औषधांचं दुकान चालवते. रविवारी दुपारी दुकान बंद करून त्यांच्याकडे जाऊन बसायचे. तो खेळ आम्ही दोघांनी तीनदा संपवला. लढाई आली की ते रिमोट माझ्या हातात कोंबायचे, "घे गो मेधा, मारामारयेचो माका कंटाळो." पाणी मोकळं झालं की हिसकावून परत घ्यायचे.

रागीट तर इतके, की विचारू नका. जहाज नव्या बंदराला लागायच्या आधी तिथे जाऊन आलेले खलाशी वर्णनं करत सुटले, की हे त्यांच्यावर ओरडायचे. "बंदराक लागासर बंदराचा नाव काढू नको! माका माझे डोळे आसत." हे मी शंभर वेळा ऐकलेलं. तरी मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, आणि लाजेपेक्षा राग जास्त येतो.

त्या खेळाच्या दुसऱ्या भागाची आम्ही सहा वर्षं वाट पाहिली. त्या सहा वर्षांत काकांची साखर वाढत गेली. उजवा डोळा गेला, डावा अधू झाला. गोळ्या मीच देत होते, त्यामुळे डाव्या डोळ्याचा काही भरवसा नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. शेवटी दुसरा भाग आला. आमच्या नेटवर डाउनलोड व्हायला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत मी मोबाइलवर जगभरचा ओरडा वाचून काढला. लढाया काढून टाकल्या, फार संथ केला, पहिल्याचं नाव विकून खाल्लं. तासभरही न खेळलेले लोक त्या खेळाची तिरडी बांधत होते. आणि मी शहाणी निघाले खांदा द्यायला!

काका खेळायला बसले आणि माझं तोंड सुरू झालं. पहिल्या भागात वारा असा नव्हता. पहिल्या भागात एव्हाना दोन लढाया झाल्या असत्या. गलबत सोडून हे इंजिनाचं डबडं कशाला दिलंय? "गप रव गो जरा," ते म्हणायचे. मी गप्प बसायचे आणि पुढचं बेट आलं की पुन्हा चालू. मला वाटत होतं, मी पहिल्या भागाशी इमान राखतेय. तिसऱ्या रविवारी त्यांनी रिमोट आपटला.

"माझा ताट तू उष्टा केलंस! आता माका पण तू सांगलेल्योच चुको दिसतत. समुद्र दिसणाच नाय."

मीही चिडले. "खोटं सांगितलं का मी? सगळं जग तेच म्हणतंय."

"जगान बघल्यान मा? मगे माका कित्या बसवलंस? कशाक?"

तीन आठवडे बोलणं बंद. मग मीच गेले आणि सांगितलं, की कंपनी खेळ दुरुस्त करतेय, दोन-तीन महिन्यांत सुधारलेला येईल, तेव्हा खेळू. ते "बरा" म्हणाले. त्या 'बरा'चा मला आजही संताप येतो. माझ्या प्रत्येक वाक्यावर खेकसणारा माणूस नेमका तिथेच का ऐकून बसला? आणि त्यांना गोळ्या देणारी मी, कोणाच्या जिवावर महिन्यांचे वायदे करत होते?

चतुर्थीच्या आधी डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. गोव्याला नेलं, उपयोग झाला नाही; तोही डोळा गेला.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. जायच्या महिनाभर आधी एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. "लाव तो दुसरो भाग. तू खेळ आणि माका सांग."

मी सुरू केला. "पहिल्या भागात इथे..."

त्यांची मूठ खुर्चीच्या हातावर आदळली. "पयल्याचा नाव काढलंस तर घराभायर घालीन! आता काय दिसता?"

मी पाहिलं. बोट खाडीच्या तोंडाशी उभी होती. "पाणी हिरवं आहे. पुढे पिवळट होतंय."

ते पुढे झुकले. "पिवळा खंय? डाव्या अंगाक?"

"हो. तिथे बारीक लाटा फुटतायत."

"थंय रेती आसतली. उजवीकडे घे. हळू."

मी वळवली. बोट अलगद खाडीत शिरली. पुढचा तासभर ते पाण्याचा रंग विचारत होते, मी सांगत होते, आणि बोट खडकांमधून वाट काढत चालली होती. लढाई एकही नव्हती. पाणी वाचायचं, एवढाच तो खेळ होता.

"खेळ करणाऱ्यांका समुद्र ठावक आसा गो," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ह्या सगळा तेवा पण होता?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

"मगे तेवा ह्या कित्या सांगलंस नाय?"