विहीणबाईंच्या परीक्षेतला चौथा माणूस

आमच्या विहीणबाईंना, म्हणजे माझ्या लेकीच्या सासूला, जेवढी माणसं भितात तेवढी अख्ख्या नगर जिल्ह्यात भुतालाही भीत नसतील. त्यात त्यांचा दोष एवढाच, की त्यांना दिसत नाही आणि ऐकू फार येतं. काचबिंदूनं त्यांचे डोळे पन्नाशीच्या आतच गेले. त्यानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या संगमनेरच्या घरी गेले ती दिवेलागणीला. घरभर अंधार, आणि आत कोणी बाई अशी भराभर बडबडत होती की एक शब्द कळेना. मला वाटलं, हिच्या अंगात आलंय. मी उंबऱ्यातच थिजले. तेवढ्यात आतून विहीणबाई म्हणाल्या, "या. आणि डाव्या गुडघ्याला तेल लावत जा, पाय ओढताय तुम्ही." बडबडणारी बाई मोबाईलमधली होती. पडद्यावरचं सगळं ती त्यांना वाचून दाखवते, आणि सावकाश बोलणाऱ्याचा कंटाळा म्हणून विहीणबाई तिला अशी पळवतात.

माझे मालक गेले तेव्हाची गोष्ट. तेराव्याला घर भरलेलं. बायकांच्या घोळक्यात बसलेल्या विहीणबाईंनी एकदम मान वर केली आणि म्हणाल्या, "व्याही आले. हातपाय धुवायला पाणी द्या." वाढणारीच्या हातातली पळी वरणात पडली. मी म्हटलं, "ते गेलं आता. ते कशाला येत्यात?" बाहेर बघितलं तर थोरल्यानं बापाच्या वहाणा पायात घातल्या होत्या. सगळ्या बायका हसल्या. मी हसले नाही. वहाणांचा आवाज समजू शकते, पण दोन पावलं टाकून किंचित थांबायची खोड मालकांची होती, पोराची कधीच नव्हती, आणि त्या दिवशी तो तसाच चालत आला.

अशा बाईनं साठीला टेकताना वकिलीच्या प्रवेशाची परीक्षा द्यायचं काढलं. साधी पदवी लग्नाआधीच झाली होती, पुढं वकिली शिकून काळा कोट घालायला मात्र सासरच्यांनी नाही म्हटलं. दिसत नसणाऱ्यांना या परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, आणि प्रश्न वाचून दाखवायला नि ते सांगतील ते उत्तर टिपायला एक लेखनिक मिळतो. तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला पाहिजे. पहिल्या वर्षी त्यांनी बारावीतली पुतणी नेली आणि प्रवेश हुकला. कारण काय, तर, "पोरगी हुशार आहे. बरोबर उत्तर आलं की तिचा आवाज तीळभर चढायचा. मग ते मला येत होतं की तिला, हेच कळेना. तसले सगळे प्रश्न मी सोडून दिले." जावयांनी कपाळाला हात लावला. त्यांनी आईकडून कबूल करून घेतलं, की ही दुसरी खेप शेवटची. नाही जमलं तर पुण्याच्या फ्लॅटवर येऊन गप राहायचं. त्या फ्लॅटला विहीणबाई 'कपाट' म्हणतात.

मग त्यांनी मला बोलावलं.

"विहीणबाई, तुम्ही किती शिकलात?"

"चौथी. ती बी रडतखडत."

"कायद्यातलं काही कळतं?"

"काय बी न्हाई."

"मग तुम्हीच पाहिजे. पोत्यातनं बटाटे ओतल्यासारखं वाचायचं. सगळे सारखे."

परीक्षेचं केंद्र नगरच्या बाहेर, माळावरच्या एका कॉलेजात होतं. आम्हाला वरच्या मजल्यावर टोकाची वेगळी खोली दिली. आम्ही दोघी, एक संगणक आणि लक्ष ठेवायला एक तरुण मॅडम. इतरांचा वेळ संपला. पोरं जिने उतरून गेली, गाड्या गेल्या, शेजारच्या खोल्यांतले पंखे एकेक करून बंद पडले. आमचा वाढीव वेळ त्या रिकाम्या इमारतीत सुरू झाला. मी बटाटे ओतत होते. विहीणबाईंनी हात वर केला.

"विहीणबाई, खोलीत माणसं किती?"

"तीन."

"मग चौथं कोण? तुमच्या पाठीमागं आहे. तुम्ही बरोबर उत्तराशी आलात की त्याचा श्वास थांबतो."

माझ्या मागं एक रिकामा बाक होता आणि त्यामागं भिंत. मानेला गार लागलं. मॅडमचा चेहरा उतरला.

"मॅडम, इथं कोणीतरी उत्तरं सुचवतंय. बाहेर काढा."

"आजी, इथं कोणीच नाहीये."

"नसेल तर काढायला काय अडचण आहे?"

बिचारीनं दार उघडलं आणि रिकाम्या बाकाला हात जोडून म्हणाली, "सर, प्लीज, जरा बाहेर थांबा." सर कशावरून, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण लेखनिकानं प्रश्नापलीकडे बोलायचं नसतं. विहीणबाईंनी कान दिला. "गेलं. दार लावा. मघाचा प्रश्न कोरा ठेवा, तो त्यानं सांगितला."

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. श्वास त्यांचाच थांबत होता. उत्तर ओळखलं की पदराखाली छाती जागच्या जागी राहायची. मघाच्या प्रश्नाच्या तिसऱ्या पर्यायावरही ती तशीच राहिली होती. ते उत्तर त्यांना येत होतं. साऱ्या जगाचे श्वास ऐकणाऱ्या बाईला स्वतःचा तेवढा ओळखू आला नाही. पण मी ते बोलले असते तर उत्तर मीच सुचवल्यासारखं झालं असतं. मी प्रश्न कोरा ठेवला. फक्त एका गोष्टीचा मेळ मला अजून बसत नाही. दार लावल्यावर पुढचे सगळे प्रश्न त्यांनी सोडवले, आणि एकदाही त्यांचा श्वास थांबला नाही.

प्रवेश मिळाला, अगदी काठावर. कपाट टळलं. आता लेखनिक कॉलेजच देतं, माझं काम संपलं. मधूनमधून फोन येतो, "सगळ्यांचे आवाज फार शहाणे आहेत हो." मी बरं म्हणते. त्या दिवशी काय बघितलं ते मी त्यांना सांगितलेलं नाही. चौथ्याला घालवून आपण आपल्या अकलेवर पास झालो, यात त्यांचा जीव आहे. कधीतरी काळा कोट घालून त्या मला उलटतपासणीला उभं करतील, तेव्हा खरं सांगावंच लागेल. तोवर मी असले पाहिजे, एवढंच.