पोपटी पंख

पाठीवर इंजिन बांधून कापडी पंखाखाली उडायचं, म्हणून मी पहिलावहिला पॅरामोटर घ्यायला गेलो. विक्रेत्याने माळावर एक जुना पंख पसरला.

"सर, हा पोपटी रंग व्हिडिओत कसला भारी दिसतो!"

कापडाला अत्तराचा वास होता आणि त्याखाली बुरशीचा. कापड तोंडाशी धरून मी फुंकर मारली, तर ती थेट पलीकडच्या तळहाताला लागली. माझी फुंकर ज्याला अडवत नाही, ते कापड मला आभाळात धरणार?

"शिकाऊ माणसाला एवढं चालतं, सर."

शिसारी आली. शिकणाऱ्याच्या वाट्याला बोथट कात्री येते, मोडकी सायकल येते. पण शिकाऊ म्हणून आभाळ काही खाली येत नाही.

इंजिनाला लिंबू-मिरची टांगली होती. लिंबू मात्र ताजं होतं.