कापसाचं जुनं नाव

कॉलेजात मराठी घेतलं म्हणून गावी, देवळीत, माझी थट्टा व्हायची. मराठी तर सगळ्यांनाच येते, त्यात शिकायचं काय, असं भेटेल तो विचारायचा. मीही हट्टाला पेटले आणि वर्ध्याच्या ग्रंथालयात बसून आमच्याच पिकाचं नाव शोधून काढलं. संस्कृतात कर्पास. प्राकृतात त्यातला र गळाला, कप्पास झाला. हिंदीने कपास ठेवलं, ग्रीकांनी आपल्या वळणाने उचललं. मराठीत मधेच उकार शिरला. जुन्या लिखाणात कुठे कापुस, कुठे कापूस, आणि मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घाची फिकीरच नाही. इतक्या लोकांनी हाताळलेला शब्द, पण कोणीच तो जसाच्या तसा ठेवला नव्हता. मला फार बरं वाटलं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात बाबा गेले. खरिपाचं पीक आईने एकटीने उभं केलं. बोंडं फुटली आणि सीतादहीचा दिवस आला. आमच्याकडे वेचणीआधी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बुडाशी दगड मांडून त्यांना हळद वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मग घरची बाई पहिला कापूस वेचते. आईने पातेलं खाली ठेवलं तेवढ्यात मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आडवे आले.

“आता तुह्या हातानं नाई चालत. माह्या घरचीले करू दे. जुनी रीत हाय.”

माझं डोकंच फिरलं. “मोठे बाबा, या पिकाचं नाव बी कितीदा बदललं. कर्पासाचा कापूस झाला, तवा कोणी अडवलं नाई. मंग मायलेच काऊन अडवता?”

“तुह्यं कॉलेज घरी ठेव.”

आईने डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, पण आवाजही खाली आणला नाही. “सरकी म्या टोबली, निंदण म्या केलं. पयला कापूस मीच वेचीन. तुमाले पाहवत नसन तं घरी जा.”

ते तरातरा निघून गेले. वेचायला आलेल्या बाया कमरेला कापसासाठी ओट्या बांधून उभ्या होत्या. त्यांच्यातली सर्वांत वयस्क बाई दरवर्षी पूजा उरकेपर्यंत लांब बांधावर थांबायची. तिचा नवरा माझ्या जन्माआधीच वारला होता. कमरेची ओटी सावरत ती पऱ्हाटीतून चालत आली आणि आईशेजारी बसली.

“सरक वो जराशी,” ती म्हणाली. “मले बी हळद वाहू दे.”