ग्लेनिस, मेबल आणि ऑल्डरसनबाईंचं कुरण

आमच्या खोऱ्यात केस कापायचे तर ग्लेनिस थ्वेटकडे, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते ऐकायचं तरी ग्लेनिसकडेच. कात्री थांबायची, तोंड थांबायचं नाही. पन्नाशी उलटल्यावर ही बाई फेरेट पाळणार आणि ते बिळात सोडून ससे धरणार म्हटल्यावर पबमधल्या मंडळींची हसून हसून पुरेवाट झाली.

सुरुवात झाली मे महिन्यात. दुकानामागच्या कोळशाच्या पेटीवर एक पांढरंशुभ्र जनावर ऐटीत बसलं होतं. मुंगसासारखं लांबुळकं अंग, लालचुटूक डोळे. "अगं बाई, तू कुणाची?" म्हणत ग्लेनिसनं हात पुढे केला, आणि त्या बयेनं तिचा अंगठा धरला तो सोडेचना. अंगठ्याला फेरेट लोंबकळतंय अशा अवस्थेत ग्लेनिस समोरच्या नॉर्मन पिकर्सगिलच्या दारात जाऊन उभी राहिली. नॉर्मननं अख्खं आयुष्य फेरेटं पाळण्यात घालवलं होतं.

"ओढू नकोस पोरी! ओढलंस तर अंगठा इथेच ठेवून जाशील." त्यानं दोघींना नळापाशी नेलं. नाकावर गार पाणी पडताच फेरेटनं तोंड उघडलं. नॉर्मननं तिला मानेमागून अलगद उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं. "मादी आहे. तरणी आहे. भुकेली आहे. आणि तुझ्यावर तिचा काही राग नाही, तिला वाटलं तू जेवण आहेस."

त्या फेरेटला शोधत कुणीच आलं नाही. ग्लेनिसनं तिचं नाव मेबल ठेवलं आणि ससे धरायचं जे वारं डोक्यात शिरलं ते शिरलंच. नवरा डेरेक म्हणाला, "वास येतो गं तिला." ग्लेनिस म्हणाली, "तुलाही येतो, मी काही बोलले का?"

नॉर्मननं तिला पहिल्यापासून शिकवलं. बोटं दाखवायची नाहीत, मूठ पुढे करायची. मुठीवर थुंकी लावायची, म्हणजे ती चाटते आणि चावायचं विसरते. पाव-दूध द्यायचं नाही, मांसच द्यायचं. रोज हातात घ्यायचं, रोज. ग्लेनिस गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावून मागच्या अंगणात पळायची, मेबलला कोटात घालून फिरवायची. ऑगस्टपर्यंत मेबल तिच्या बाहीत शिरून मानेपाशी बाहेर निघू लागली. त्या दिवशी ग्लेनिसला इतका आनंद झाला की तिनं एका बाईचे केस ठरल्यापेक्षा बरेच आखूड कापले.

"आता जाऊया ना?" ती दर आठवड्याला विचारायची.

"पानं गळू देत," नॉर्मन म्हणायचा. " थंडी पडू दे. आणि आधी जमीन बघ. परवानगी नसेल तर तुझं फेरेट म्हणजे नुसतं मांजर."

इथेच घोडं अडलं होतं. गावाभोवतीच्या सगळ्या कुरणांत जुन्या लोकांचे ससे धरायचे हक्क ठरलेले. उरलं होतं एकच, एल्सी ऑल्डरसनबाईंचं. तिथल्या मेंढ्यांचं गवत ससे फस्त करत होते, तरी बाई कुणाला पाऊल टाकू देत नव्हत्या. ग्लेनिसनं त्यांचे केस धुता धुता विषय काढला. बाईंनी डोळेही उघडले नाहीत. "एक सकाळ देते. मी बघेन. मग ठरवेन."

ती सकाळ नोव्हेंबरात आली. गवतावर दहिवर कडक झालेलं. ग्लेनिस रात्रभर झोपली नव्हती. मेबल खांद्यावरच्या पेटीत गवताची सळसळ करत होती. भिंतीपलीकडे ऑल्डरसनबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"आता तोंड बंद," नॉर्मन पुटपुटला. "वर माणूस आहे कळलं की ससा खाली फेरेटचे दात सोसेल, पण बाहेर येणार नाही."

दोघांनी मांजरपावलांनी प्रत्येक बिळाच्या तोंडावर थैलीसारखी जाळी पसरली, खुंट्या रोवल्या. मेबलच्या गळ्यात संदेश सोडणारा बारीकसा पट्टा होता. ती जमिनीखाली जिथे असेल तिथे नॉर्मनच्या हातातला डबा टिकटिकणार होता. ग्लेनिसनं तिला बिळापाशी सोडलं. मेबलनं हुंगलं, अंग झटकलं, आणि पांढरं शेपूट अंधारात दिसेनासं झालं.

शांतता. ग्लेनिस समोरच्या जाळीवर डोळे लावून उकिडवी बसली. मग पायाखाली धडधड झाली, जमिनीच्या आत कुणी ढोल बडवावा तशी, आणि समोरच्या बिळातून एक ससा बंदुकीतून सुटल्यासारखा आला नि जाळीत गुंडाळला गेला.

"सापडला!" ग्लेनिस किंचाळली. "नॉर्मन! सापडला! अहो बघा ना, माझ्या मेबलनं काढला!"

टेकडीवरून कावळे उडाले. नॉर्मननं डोळे मिटून घेतले. भिंतीपलीकडे ऑल्डरसनबाईंच्या भुवया टोपीत गेल्या.

त्यानंतर एकही ससा आला नाही. मेबलही आली नाही.

"झालं," नॉर्मन म्हणाला. "आता ते आत ठाण मांडून बसणार. हिनं एखादा कोपऱ्यात गाठला असेल, मारला असेल, आणि पोट भरून त्याच्याच उबेत झोपली असेल. खोद आता."

ग्लेनिसला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. सगळी वाट स्वतःच्या तोंडानं लावली होती, आणि मेबल परत मिळते की नाही तेही कळत नव्हतं. डबा एका जागी जोरात टिकटिकला. नॉर्मनची कंबर धरली होती, म्हणून कुदळ-फावडं तिनंच घेतलं. हिरवळीचे चौकोनी तुकडे काढून बाजूला ठेवले, माती वेगळी, दगड वेगळे. मांडीभर खोल गेल्यावर माती आत ढासळली. ग्लेनिस पालथी पडली, खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांना मऊ, ऊबदार काहीतरी लागलं आणि त्यानं जांभई दिली.

"सटवे!" ग्लेनिसनं मेबलला छातीशी धरलं. ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "मेले असते मी, सटवे!"

"चला, जाळ्या गोळा कर," नॉर्मन म्हणाला. "घरी जाऊ. पुढच्या वर्षी बघू कुठे जमतंय का."

"आधी हे बुजवते." एकच ससा, आणि तोही सगळ्या खोऱ्याला सांगून! परवानगी गेली हे तिनं मनाशी धरलंच होतं. तरी कुणाच्या कुरणात खड्डा ठेवून जाणं तिला जमेना. खाली दगड घातले, त्यावर माती, पायानं दाबली, पुन्हा माती, पुन्हा दाबली. वर हिरवळीचे तुकडे मूळच्या जागी बसवले आणि सांधे बोटांनी चेपले.

ऑल्डरसनबाई भिंत ओलांडून आल्या. बुजवलेल्या जागेवर उभ्या राहिल्या आणि जड बुटांनी थडाथड उड्या मारल्या. जमीन तसूभर खचली नाही.

"मागे एकजण आला होता," त्या म्हणाल्या. "पोतंभर ससे घेऊन गेला. खड्डा तसाच. त्यात माझ्या गाईचा पाय मोडला. घरी वाढवलेली गाय होती, गोळी घालावी लागली."

ग्लेनिसच्या कोटातून मेबलनं डोकं बाहेर काढलं.

बाई मेबलकडे बघत राहिल्या, मग वळून घराकडे निघाल्या. ग्लेनिसनं मान खाली घातली आणि जाळ्या उचलू लागली. दहा पावलांवरून बाईंचा आवाज आला, मागे न बघताच.

"वरच्या फाटकाची कडी अडकते. फाटक जरा उचलून मग सरकवायची. आणि बर्फ पडायच्या आत ये, नंतर तिथवर गाडी चढत नाही."

नॉर्मननं घाईघाईनं ग्लेनिसच्या तोंडावर हात ठेवला.