पी-ई कमी, म्हणजे स्वस्त

‘कमी आकडा दिसला की मारली उडी! यांना सवयच आहे. कमी मार्कांवर प्रवेश मिळतो ना!’

सर हे भर वर्गात बोलले. माझ्याकडे बघून. वर्ग हसला. माझ्या शेजारची बँकेतली बाईही हसली, तोंडावर रुमाल धरून.

रत्नागिरीत दर रविवारी हा शेअर बाजाराचा वर्ग भरतो. बाबा मुंबईतल्या नोकरीतून निवृत्त झाले. त्यांचे फंडाचे पैसे बुडू नयेत म्हणून मी हा वर्ग लावला. त्या दिवशी फळ्यावर एका कंपनीचा पी-ई होता, आठ. पी-ई म्हणजे शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा. नफ्याच्या एका रुपयासाठी लोक किती रुपये मोजतात, एवढंच. मी म्हणाले, ‘आठच आहे. म्हणजे स्वस्त.’

चुकलेच होते मी. कंपनीने त्या वर्षी जमीन विकली होती. नफा तेवढ्यापुरता फुगला, म्हणून पी-ई खाली आला. आधीची सगळी वर्षं तो तिशीच्या आसपास होता. पण त्याच तासाला पुढच्या कंपनीवर दोघांनी हीच चूक केली. त्यांना सर म्हणाले, ‘घाई नको, मागची वर्षं बघा.’

मग मलाच का? पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला गाव विचारलं. मी म्हटलं, संगमेश्वरकडचं. माझ्या बाबतीत तेवढ्यावर भागलं नाही. ‘वाडी कुठली?’ कोकणात हा प्रश्न कशासाठी विचारतात ते शेंबड्या पोरालाही कळतं. ‘बौद्धवाडी,’ मी सांगितलं. ‘असं, असं,’ म्हणत ते पुढे सरकले.

घरी बाबा म्हणाले, ‘बाय, त्यांच्या तोंडाला लागू नको. शिकायचा नि यायचा.’ ते आयुष्यभर असेच गप राहिले. मला त्यांचाही राग आला.

पुढच्या रविवारी सर शिकवत होते, ‘कलमं एका साली लागतात, दुसऱ्या साली रुसतात. एका सालच्या आंब्यावर बागेची किंमत करतो तो मूर्ख. कंपनीची दहा वर्षं बघा.’

मी उभी राहिले. ‘सर, कंपनीची दहा वर्षं बघता. माझी फक्त वाडी बघितलीत.’

‘अगं, चेष्टा होती ती. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. बस खाली.’

‘नाही बसणार. सगळ्यांसमोर बोललात, सगळ्यांसमोर माफी मागा.’

कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूने बोललंही नाही. त्यांनी पाठ फिरवली आणि फळा पुसायला घेतला. वर्ग सुटेपर्यंत मी उभी होते.

माझे मार्क किती होते ते मी तिथे सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. तो हिशेब मी कुणाला देणं लागत नाही. वर्गही सोडणार नाही. फी भरली आहे, बाबांचा घाम आहे त्यात. दर रविवारी जाते, पुढच्या बाकापाशी उभी राहते, उभ्याउभ्या सगळं उतरवून घेते. माफी मागितल्याशिवाय मी त्या वर्गात बसणार नाही. आणि यापुढे त्या माणसाला सर म्हणणार नाही.