आई पाण्यात उतरली

तलाव माणसांनी केलेला. डोंगरातला ओढा अडवून पूर्वी कधीतरी बांध घातलेला, आणि आता काठाला तंबू, कयाक, झाडीतल्या पायवाटा असं सगळं. राजाजीनगरहून आईला घेऊन आम्ही दोघं नवराबायको शनिवार-रविवार तिथे राहायला गेलो. आईला पाण्याची भीती वाटते, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. समुद्रावर गेलो तरी ती कधी पाय भिजवायची नाही.

दुपारी मी एकटीच कयाक घेऊन निघाले. बरंच आत गेल्यावर नवऱ्याला हात करायला वळले आणि कयाक उलटली. अंगात लाइफ जॅकेट होतं, बुडणार नव्हते. पण गार पाण्यानं श्वास अडकला, नाकातोंडात पाणी गेलं. नवऱ्याला पोहता येत नाही. काठावरचा होडीवाला मोटारबोटीकडे धावला.

मी मान वर काढली तर आई पाण्यात होती. पंजाबी ड्रेससकट. होडीवाला बोटीपाशून "अम्मा, बेडा, बेडा", म्हणजे नको, नको, असं कन्नडमध्ये ओरडत तिला थांबवत होता. लांब, सावकाश हात मारत ती सरळ माझ्यापाशी आली.

"कयाकला धर," ती म्हणाली. "आणि पाय हलव."

बोटीनं आम्हाला काठाला आणलं. टॉवेल गुंडाळून बसलो, तरी माझे दात वाजत होते.

"तुला पोहता येतं?"

"गावच्या विहिरीत शिकले. ताईनं शिकवलं."

"कुठली ताई? तू तर मामाची एकटीच बहीण."

आईनं केस पिळले. "माझ्याहून मोठी होती. त्याच विहिरीत गेली. नंतर घरात तिचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही."

चाळिशी उलटल्यावर मला कळत होतं, की मला एक मावशी होती. नवरा चहा आणायला गेला.

"कशी होती ती?" मी विचारलं.

"तोंडाळ," आई म्हणाली आणि हसली. मग रडली. अंधार पडेपर्यंत ती ताईबद्दल सांगत होती.

सकाळी मी तंबूबाहेर आले तेव्हा ती होडीवाल्याशी कन्नडमध्ये हुज्जत घालत होती. जॅकेटशिवाय तो पाण्यात सोडेना. अखेर तिनं ते चढवलं, आणि यात हात कसे मारायचे म्हणून कुरकुरत पाण्यात शिरली.